आबांच्या आसनाखालचं इंजिन

धरणगावच्या हरिनाम सेवा मंडळात ज्याला गळा नाही आणि ताल नाही असा माणूस एकच होता, आणि तोच मंडळाचा सेक्रेटरी होता. शालिग्राम नानांनी अंगाई म्हटली की पाळण्यातलं मूल उठून बसायचं, हे त्यांच्या पत्नी मंजुळाबाई लेकीच्या सासरीसुद्धा सांगत. टाळ हातात दिला तर मृदंग एका गावाला आणि नानांचा टाळ दुसऱ्या गावाला. सहा वर्षं मंडळाने सोसलं. मग एका एकादशीला सगळ्यांनी मिळून, अगदी प्रेमाने, त्यांच्या हातातून टाळ काढून घेतला आणि सांगितलं, "नाना, तुम्ही फक्त ऐकत जा. तुमच्यासारखं ऐकणारं कोण आहे?"

हे मात्र खरं होतं. नाना कीर्तन ऐकायला बसले की भोवतालचं जग विसरत. कोणत्या बुवांनी कोणत्या गावी कोणता दृष्टांत दिला, हे त्यांना तारखेसह पाठ. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं त्यांनी आवक-जावक सांभाळली होती, त्याच शिस्तीने ते कीर्तनं मनात नोंदवून ठेवत. पण नुसतं ऐकणाऱ्याला मंडळात जागा कुठली? टाळकरी उभे राहतात, विणेकरी मधे उभा राहतो, मृदंगी बाजूला. ऐकणारा समोर, गर्दीत, चपलांच्या जवळ.

ती जागा नानांना त्यांच्या ओम्नीने दिली. धुळ्याला नोकरीत असताना घेतलेली पांढरी व्हॅन, नंबर अजून एमएच अठराच. गेली अठरा वर्षं पुनाआबांना कीर्तनाला नेणं-आणणं ही सेवा नानांची. पुनाआबा म्हणजे वय वर्षं ब्याऐंशी, पोटात साडेतीनशे अभंग, गुडघ्यात वात, आणि आवाज असा की माइकच लाजावा. मागे मृदंग, पेटी, चार टाळकरी. पुढे डावीकडे आबा. आणि उजवीकडे, हाताशी गिअर आणि कानाशी आबांचं गुणगुणणं, असे नाना. कीर्तनात कोणता अभंग घेणार हे आबा जाता जाता गुणगुणत, म्हणजे सबंध तालुक्यात ते सर्वांत आधी ऐकणारा माणूस शालिग्राम. जाहिरात करण्याजोगी गोष्ट नव्हती, पण नाना मनातल्या मनात रोज करत.

या गाडीचं इंजिन पुढच्या आसनांच्या खाली असतं. उन्हाळ्यात बसणाऱ्याची परीक्षा असते, पण आबांना त्याचंच सुख. "दवाखानामा शेक देतस तो वीस मिनिट," ते म्हणत. "हाई शालिग्रामनी गाडी माले पारोळालोंग शेक देस."

आता यात बिघडायला काय होतं? काहीच नव्हतं. म्हणूनच बिघडलं.

मंडळाचा सप्ताह गल्लीतच होता, नानांच्या घरापासून चाळीस पावलांवर. त्या आठवड्यात वीज पहाटेच जायची ती दुपारी कधीतरी यायची, आणि नेमकी काकड्याला नि कीर्तनाला नसायची. मग माइक कशावर चालवायचा? नानांनी ओम्नीची बॅटरी काढली, खांद्यावर घेतली आणि मंडपात नेऊन ठेवली. कीर्तन संपलं की परत आणून गाडीला जोडायची. पहाटे पुन्हा खांद्यावर. गळ्याने नाही तर खांद्याने का होईना, कीर्तनाचा आवाज आपल्या हातून जातो आहे, या विचाराने त्यांचा खांदा दुखायचा राहूनच गेला. मंडप जवळ असल्याने गाडी आठवडाभर जागची हलायची गरजही नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी आबांना गुडघा दाखवायला पारोळ्याला न्यायचं ठरलं. आबा आसनावर बसले. नानांनी किल्ली फिरवली. गाडीने 'रँऽऽ... रँऽऽ...' असा, उपासाच्या दिवशी जिना चढणाऱ्या माणसासारखा आवाज काढला आणि गप्प झाली. पुन्हा किल्ली. पुन्हा तेच, आणखी हळू.

समोर बी-बियाण्यांच्या दुकानाच्या पायरीवर रतिलालशेठ उभे होते. पांढराशुभ्र सदरा, हातात दात कोरायची काडी. शेजारी रुपचंद. रुपचंद एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेला. तिथे तो पासाच्या खिडकीत बसत असे, पण डेपोत बसल्यामुळे गाड्यांतलं आपल्याला सगळं कळतं असा त्याचा आणि गल्लीचा समज होता.

"इंजिन बसलं," रुपचंद म्हणाला. डोळे मिटून. ऐकून.

"बसलं म्हणजे?" नाना.

"कॉम्प्रेशन गेलं. आत हवा दाबली जात नाही. दम संपला तिचा, नाना. आमच्याकडे अशा गाड्या आल्या की आम्ही सरळ कोपऱ्यात लावायचो."

"तू पास द्यायचा रे!"

"पास देता देता दिसायचं ना सगळं."

रतिलालशेठ पायरी उतरून आले. माणूस भला, पण भलेपणा चारचौघांत करायची सवय. "नाना, राग मानू नका हो. आबांचं वय झालं. रस्त्यात बंद पडली म्हणजे? आमच्या पोराने, अखिलने, नवी गाडी घेतली आहे. थंडगार. आजपासून आबा त्यातून जातील, आम्हालाही थोडं पुण्य लागू द्या."

आबा ओम्नीतून हळूच उतरले आणि अखिलच्या उंच गाडीत दोघांनी धरून त्यांना चढवलं. काळी काच वर गेली. नाना हातात किल्ली घेऊन गल्लीत उभे राहिले. अठरा वर्षांत पहिल्यांदा आबा कुठेतरी निघाले होते आणि नाना मागे होते.

त्या दिवशी सकाळच्या कीर्तनात बुवांनी काय सांगितलं, हे रात्री नानांना आठवेना. हे इतकं अघटित होतं की मंजुळाबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी काकडा होताच नाना एसटीने जळगावला गेले आणि कॉम्प्रेशन मोजायचा गेज घेऊन आले. घड्याळासारखी तबकडी, तिला रबरी नळी, नळीला पितळी टोक. ऐकीव गोष्टींवर निकाल द्यायचा नाही, कागदावर आकडा पाहिजे, ही तेहतीस वर्षांची शिकवण. रुपचंद म्हणतो म्हणून गाडीचा दम संपत नसतो. मोजू. दीडशेच्या वर आला तर गाडी निरोगी. शंभरच्या खाली आला तर मग आपण स्वतः सांगू.

शिकवणी फोनवर घेतली. एका सरदारजींचा बारा मिनिटांचा व्हिडिओ होता. प्लग काढा, त्या भोकात गेज बसवा, किल्ली मारा, काटा कुठे चढतो बघा. नानांनी पहिली सहा मिनिटं मन लावून पाहिली. तेवढ्यात मंडपातून टाळ ऐकू आले आणि पुढची सहा मिनिटं राहून गेली.

दुपारी कीर्तनानंतर बॅटरी खांद्यावर घेऊन नाना आले, जोडली, पुढचं आसन उचलून मागे कलंडवलं आणि इंजिन उघडं पडलं. गल्ली जमायला यापेक्षा कमी कारणंही पुरतात. कोणी म्हणालं, आधी नारळ फोडा. कोणी म्हणालं, इंजिन उघडंच ठेवू नका, वारं लागतं. रुपचंद स्टूल घेऊन आला आणि तबकडीसमोर बसला, जणू आकडा तोच पास करणार.

पहिला सिलेंडर: पंच्याण्णव. दुसरा: नव्वद. तिसरा: पंच्याण्णव.

"घ्या," रुपचंद म्हणाला.

"एकदाच्या मोजण्यावर काही ठरत नाही," नाना म्हणाले. "रक्त तपासतात तेव्हाही दोनदा तपासतात."

पाचव्या दिवशी दुसऱ्यांदा तपासलं. ऐंशी, अठ्ठ्याहत्तर, ऐंशी. सहाव्या दिवशी पासष्ट, साठ, पासष्ट. आजारी माणसाची नाडी दर दिवशी बुडत जावी तसे आकडे उतरत होते, आणि नाना ते एका वहीत सुवाच्य अक्षरात, तारीख-वेळेसह लिहीत होते. मंजुळाबाई म्हणाल्या, "आधी गाडी नीट होती. तुम्ही मोजायला लागल्यापासून खचली. रोज कोणी तुम्हाला असं उघडं करून आकडे सांगितले तर तुम्ही तरी उभे राहाल का?"

"अहो, पण बॅटरीचं काही असेल का?" गर्दीतून कोणीतरी विचारलं होतं, हे नानांना नंतर फार आठवायचं.

तेव्हा मात्र ते थोडे तापले होते. "बॅटरी? आज सकाळी सबंध गल्लीने ऐकलं ना माइकवर? पलीकडच्या मशिदीपर्यंत आवाज गेला. बॅटरी खणखणीत आहे!"

 कीर्तनाचा आवाज खणखणीत होता हे खरंच होतं.

सहाव्या दिवशीच तेलाचा प्रकार घडला. सरदारजींच्या व्हिडिओत असं होतं की आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडायचं आणि पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर आतल्या रिंगा झिजल्या, नाही वाढला तर दोष व्हॉल्व्हचा. "चमचाभर तेल द्या हो," नानांनी घरात पाहून हाक मारली. कोणतं तेल, हे त्यांनी सांगितलं नाही, मंजुळाबाईंनी विचारलं नाही. त्या दुसऱ्या दिवशीच्या पंगतीची तयारी करत होत्या. त्यांनी चमचा दिला नाही, शेंगदाणा तेलाची वाटीच दिली.

नानांनी वाटीभर तेल पहिल्या सिलेंडरात ओतलं. गेज लावायच्या आधी जरा फिरवून पाहावं म्हणून किल्ली मारली. आणि मंडळी, आत दाबलेलं तेल दिसेल त्या भोकातून बाहेर येतं, हे विज्ञान त्या क्षणी गल्लीला एकदमच कळलं. भोकातून सुटलेली पिवळी धार वर गेली, व्हॅनच्या छताला लागली, आणि सल्ला द्यायला नेमके पुढे वाकलेल्या रतिलालशेठच्या पांढऱ्या सदऱ्यावर छातीपासून खिशापर्यंत उतरली.

"अरे देवा!" नाना म्हणाले.

शेठनी बोटाने थेंब टिपला, नाकाशी नेला. "घाण्याचं दिसतंय," ते म्हणाले. "शुद्ध आहे." एवढं बोलून ते घरी गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

धक्का मारून गाडी कशीबशी चालू झाली तेव्हा मागच्या नळीतून निळा धूर निघाला आणि सबंध गल्लीला भज्यांचा वास सुटला. मंडपातून दोन जण विचारायला आले, आज प्रसाद लवकर आहे का. त्यातल्या एकाने तर पत्रावळ आणली होती.

नाना मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते. धक्क्याआधीच उरलेल्या थेंबांवर त्यांनी गेज लावून पाहिला, तेव्हा आकडा पाच-सातने वाढला होता. म्हणजे रिंगा गेल्या. पुस्तकाप्रमाणे निदान झालं. आणि नाना पुस्तकाप्रमाणे चालणारे.

सातव्या दिवशी काल्यानंतर मंडळ बसलं होतं. नाना वही घेऊन उभे राहिले आणि सगळे आकडे वाचून दाखवले. "गाडी संपली आहे," ते म्हणाले. "यापुढे आबांना तिच्यातून नेणं जोखमीचं आहे. शेठनी गाडी देऊ केली आहे. मंडळाने ती घ्यावी अशी माझी शिफारस."

 सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबा दहीलाह्या खात होते. त्यांनी मान वर केली, नानांकडे पाहिलं, पुन्हा खाली घातली. होय म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. नानांना वाटलं होतं, आबा 'नको' म्हणतील. वाटण्याला काही आधार नव्हता. तरी वाटलं होतं.

मोडीत काढायची तरी गाडी सुखासुखी निघेल तर ती सरकारदरबारी नोंदलेली गाडी कसली! धुळ्यातल्या एका कचेरीत अर्ज घेऊन नाना गेले. खिडकीतल्या बाबूने अर्ज पाहिला, मग गाडीचे फोटो पाहिले.

"दारावर हे काय लिहिलं आहे? हरिनाम सेवा मंडळ?"

"हो. आमचं मंडळ."

"मग गाडी तुमची की मंडळाची?"

"माझीच. सेवेत होती."

"सेवेत होती ना? मग मंडळाचं ना-हरकत पत्र लागेल. सेक्रेटरीच्या सहीनिशी."

"सेक्रेटरी मीच आहे."

"तर मग सोपं आहे," बाबू म्हणाला आणि खिडकी जेवणासाठी लावली. नानांना राग आला नाही. स्वतः खिडकीच्या आत असताना त्यांनी हेच केलं असतं. उलट त्यांना त्या माणसाचं जरा कौतुकच वाटलं.

घरी येऊन त्यांनी पत्र लिहायला घेतलं. 'श्री. शालिग्राम यांची मोटार गेली अठरा वर्षे मंडळाच्या सेवेत होती. आता तिची सेवा समाप्त करण्यास व ती मोडीत काढण्यास मंडळाची काही हरकत नाही.' अक्षर सुंदर आलं. खाली 'सेक्रेटरी' असं लिहिलं आणि पेन थांबलं. तेहतीस वर्षांत हजारो सह्या केल्या होत्या, कधी हात थांबला नव्हता. हरकत कोणाची नाही? मंडळाची नाही, कचेरीची नाही, शेठची नाही. नानांनी पेनाला टोपण लावलं. पत्र ओम्नीच्या पुढच्या खणात ठेवून दिलं. धुळ्यात पोहोचल्यावर करू सही.

पुढच्या गुरुवारी पारोळ्याच्या पलीकडे एका खेड्यात आबांचं काल्याचं कीर्तन होतं. त्याच दिवशी नानांनी गाडी धुळ्याला नेऊन सोडायचं ठरवलं. रस्ता एकच होता. अखिलच्या गाडीत आबा आणि टाळकरी बसले. नव्या आसनांना ओरखडे नकोत म्हणून मृदंग आणि पेटी मागे राहिली. ती अर्थातच ओम्नीत आली, आणि त्यांच्यासोबत मंजुळाबाई. "शेवटचं जाते आहे तर मी बसते," त्या म्हणाल्या. "एकटी जाऊ नये तिने."

धक्क्याने गाडी चालू झाली.  एरंडोलच्या पुढे नाना म्हणाले, "चालते तर आहे व्यवस्थित."

"मरताना माणसाला जरा बरं वाटतं," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

कीर्तन दहाचं होतं, आठच वाजले होते. म्हणून नाना आधी पारोळ्यात नवल मिस्तरीकडे गेले. अठरा वर्षं गाडीवर त्याचाच हात होता. घरच्या डॉक्टरला न सांगता माणूस न्यायचा नसतो, तसं. नवल चहा पीत होता. नानांनी सगळं सांगितलं, वही दाखवली. नवलने आकड्यांवर नजर फिरवली, आणि त्याचा चेहरा असा झाला जणू कोणी त्याच्या पोरीचं लग्न परस्पर ठरवलं.

"आनि माले कोनी इचारं नही?"

"तू इथे, आम्ही धरणगावला—"

"उतरा खाले."

त्याने डावं आसन उचललं. आधी तेलाची पट्टी ओढली, आणि ती पुसायला हाताला आला तो कागद घेतला. नाना "अरे, ते—" म्हणेपर्यंत ना-हरकत पत्राला काळ्या तेलाची रेघ पडली होती. मग तिन्ही प्लग काढले. स्वतःचा गेज आणला. नानांची बॅटरी सोडून बाजूला ठेवली आणि दुकानातली चार्ज केलेली मोठी बॅटरी वायरींनी जोडली.

"इंजिन गरम शे ना? चांगलं. वहिनी, तुम्ही उजवीकडे बसा. तो पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटरचा पत्रा दिसतो ना, तो शेवटपर्यंत दाबून धरा. सोडू नका."

"मी?" मंजुळाबाई घाबरल्या. त्यांनी चप्पल काढली, पत्र्याला नमस्कार केला आणि दोन्ही पाय त्यावर ठेवले.

नवलने किल्ली मारली. गाडी रँ-रँ करायच्याऐवजी खडखडीत जागी झाल्यासारखी फिरली. काटा टप्प्याटप्प्याने चढला. एकशे बावन्न. दुसरा, एकशे पस्तीस. तिसरा, एकशे पन्नास.

नाना तबकडीवर वाकून पाहत राहिले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"तुम्ही मोजी राह्यन्थात तवय अ‍ॅक्सिलरेटर कोनी दाबेल व्हतं?"

"कोणीच नाही. ते असतं का?"

"हवा आत जायले दार उघडं पाहिजे ना! दार बंद ठेवीसन सांगतस, घरमा हवा येत नही. आनि बाकीना प्लग?"

"एकेकच काढत होतो."

"मग बाकीना दोन सिलेंडर बी दम खाई राह्यन्थात. आनि बॅटरी? सात दिन गाडी उभी. बॅटरी कोठे व्हती?"

नानांनी घसा साफ केला. "सप्ताहाला."

"कितला येळ?"

"पहाटे काकडा. मग कीर्तन. रोज. पण माइक चांगला वाजत होता, नवल."

"माइक पाव दमवर बी वाजस. इंजिन फिरवाले बठ्ठा, पुरा दम लागस." नवलने हात पुसले. आता तो हसत होता, पण आवाजात चेष्टा नव्हती. "नाना, गाडीना दम कुठेच गया नही. तो तुमना कीर्तनमा गया. सात दिन बठ्ठा दम देवले दिधा, आनि आठवा दिन तिले म्हनतस, तू संपनी."

दुसरा सिलेंडर जरा कमी होता. नवलने त्यात इंजिनचंच तेल मोजून चमचाभर सोडलं, पुन्हा मोजलं. आकडा थोडा वाढला. "मधली रिंग थोडी झिजेल शे. वयमाननी. पाच-सात वरीस काही व्हत नही. बॅटरी बदला, आनि..." तो थांबला, वाकून वास घेतला. "हाई खाद्यतेलना वास कसाले येस?"

मंजुळाबाईंनी अजूनही दोन्ही पाय पत्र्यावर घट्ट दाबून धरले होते. तशाच त्या खदखदून हसू लागल्या आणि हसता हसता सगळं सांगून मोकळ्या झाल्या. वाटी, धार, शेठचा सदरा, पत्रावळ. नाना दुसरीकडे बघत राहिले. बरं वाटत होतं. पण एखाद्याचं बरं होणंही दुसऱ्यांनी हसत हसत ऐकावं, हे काही त्यांना पटत नव्हतं.

नवी बॅटरी टाकून खेड्यात पोहोचले तेव्हा टाळकरी उभे राहत होते. मृदंग आणि पेटी आत गेली. मंजुळाबाईही आत गेल्या, आणि नानांनी थांबवायच्या आतच आबांच्या कानाशी लागल्या. आबा ऐकत होते. एकदा त्यांनी हाताने धार उडाल्यासारखं करून 'इतकी?' असं विचारलेलंही नानांना लांबून दिसलं. मग बाई स्वयंपाकाच्या मांडवाकडे वाढायला निघून गेल्या.

नाना चपलांजवळची आपली जागा धरणार, तोच वीज गेली. माइक मुका झाला. हजारभर माणूस, मागे बाया, लेकरं, पत्र्याचा मंडप, ऊन. गावचे दोन जण धावत आले.

"नाना, तुमनी बॅटरी!"

नानांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला. आत्ताच बसवलेली बॅटरी. क्षणभर त्यांना स्वतःचाच राग आला. किती लवकर माणूस हिशोबी होतो! मग ते म्हणाले, "बॅटरी काढायची नाही. गाडी आणतो."

त्यांनी ओम्नी मंडपाच्या मागच्या बाजूला लावली, वायरी आत सोडल्या, आणि इंजिन चालू ठेवून आत बसले. गाडी चालू असली की बॅटरी जितकी जाते तितकी भरते, हे आता त्यांना कळलं होतं. फक्त अ‍ॅक्सिलरेटरवर पाय एकसारखा हवा. जास्त दाबला तर माइक गुरगुरतो, कमी केला तर आवाज खचतो. मधे धरायचा. ना वर, ना खाली.

आणि शालिग्राम नाना, ज्यांच्याकडून मंडळाने ताल नाही म्हणून टाळ काढून घेतला होता, ते दीड तास एका लयीत पाय धरून बसले. पोटरीला पेटका आला, हलवला नाही. माशी नाकावर बसली, उठवली नाही. आसनाखालून तिन्ही सिलेंडर एकसारखे थरथरत होते, जरा मधला उशिरा. तो नानांना आता पायाने ओळखू येऊ लागला होता.

एकच गोष्ट. इंजिनच्या आवाजात त्यांना कीर्तनातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं.

कनातीच्या फटीतून आबांचा हात तेवढा दिसायचा. मधेच तो हात वर गेला, बोटाने हवेत एक धार काढली, आणि हजार माणसं एकदम हसली. नानांचे कान तापले. सांगितलंच का म्हाताऱ्याने? सगळ्या गावासमोर? मग हसू थांबलं. आबांचा हात खाली आला, छातीवर राहिला, आणि तिथेच थांबला. बराच वेळ. आता कोणी हसत नव्हतं. पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढून डोळे पुसले. नाना पुढे वाकले, कान फटीकडे नेला. पाय किंचित सुटला, आत माइकचा आवाज खचला, आणि त्यांनी घाईने पुन्हा पाय जागेवर आणून ठेवला. ऐकायचं की ऐकू द्यायचं, यातलं एकच होणार होतं.

काला फुटला. टाळ थांबले. नानांनी इंजिन बंद केलं तेव्हा जग एकदम बहिरं झाल्यासारखं वाटलं.

पहिला भेटला तो गावचा पाटील. त्याने वाकून नमस्कार केला. "नाना, धन्य आहात."

"का? काय सांगितलं आबांनी?"

"आता ते आमच्या तोंडून कसं येईल! तुमचंच सांगितलं की."

दुसरा हसत आला. "शेंगदाणा तेलाचं फार भारी, नाना!" तिसरा म्हणाला, माणसाने दुसऱ्याचं मोजमाप करू नये असं सांगितलं. चौथा म्हणाला, छे, स्वतःचं करू नये असं होतं. रतिलालशेठ मुद्दाम धरणगावहून कीर्तनाला आले होते. त्यांनी नानांचे दोन्ही हात धरले आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत निघून गेले. सदरा नवा होता.

नाना स्वयंपाकाच्या मांडवात गेले. "तुम्ही ऐकलं का? काय म्हणाले आबा?"

"मी कुठे ऐकणार?" मंजुळाबाई म्हणाल्या. "दोनशे पानं वाढत होते. का, तुम्ही नाही ऐकलं? तुम्ही तर कधी चुकवत नाही."

अठरा वर्षांची, तारीखवार नोंद केलेली कीर्तनं नानांना पाठ होती. एकच कीर्तन त्यांच्याबद्दलचं झालं, आणि तेवढंच त्यांत नव्हतं.

मंडपाबाहेर अखिल आपल्या गाडीचं दार उघडून उभा होता. आतून गार हवा येत होती. आबा टेकत टेकत आले, दाराशी थांबले, आणि अखिलच्या गालाला प्रेमाने हात लावला.

"बेटा, तुनी गाडी लई भारी शे. पन मनं बूड गार पडस तेमा."

मग ते वळले आणि ओम्नीपाशी गेले. नानांनी धावत जाऊन दार उघडलं. आबा नेहमीसारखे डावीकडे बसले, हाताखालचं आसन चाचपून पाहिलं. दीड तास चाललेलं इंजिन. आसन मस्त तापलं होतं. त्यांनी डोळे मिटले.

नानांनी किल्ली फिरवली. एका झटक्यात. रस्त्याला लागल्यावर त्यांना विचारायचं होतं. शब्द अगदी ओठांशी आले होते. आबा, काय सांगितलंत हो? पण आबा गुणगुणू लागले होते. अजून कोणी न ऐकलेलं, उद्याच्या पाळधीच्या कीर्तनाचं. नानांनी तोंड मिटलं आणि कान उघडे ठेवले.

पारोळ्याचा किल्ला मागे पडला तेव्हा गुणगुणणं मधेच थांबलं.

"शालिग्राम."

"हो, आबा."

"सकाय पाळधीले कितला वाजता निंघानं?"